वाढ आणि धूर यांचे नाते प्रदेशागणिक का बदलते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडून घेतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुमच्याकडे तीसेक प्रदेशांची वीस वर्षांची आकडेवारी आहे. त्यात दरडोई जीडीपी, कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन, लोकसंख्या आणि ऊर्जावापर आहे. सगळे प्रदेश एकत्र घातले की उत्सर्जन आधी चढते आणि ठरावीक उत्पन्नानंतर उतरते, म्हणजे पुस्तकातला कुझनेट्स वक्र हुबेहूब हाती येतो. त्याच प्रदेशांचे तीन गट पाडले की पहिल्या गटात वक्र टिकतो, दुसऱ्यात सरळ चढती रेषा येते आणि तिसऱ्यात वक्र चक्क उलटा पडतो, आधी उतरता आणि मग चढता. यातले खरे कोणते धरायचे आणि असे होतेच का, हे तुम्ही विचारले आहे.

गटांचे निकाल खऱ्याच्या जास्त जवळ आहेत. एकत्रित वक्र हा बराचसा सरासरीचा खेळ आहे. उत्पन्न वाढले म्हणून उत्सर्जन आपोआप वळत नाही. प्रदेश वीज कशापासून करतो, काय बनवतो, ते कुणासाठी बनवतो आणि हिशेबाची हद्द कुठून आखली आहे, यावर वळण ठरते. उत्पन्न या गोष्टींच्या सोबतीने चालते, म्हणून तेच कारण आहे असे वाटत राहते. उत्सर्जनाच्या नोंदी तयार करणे आणि दुसऱ्यांनी केलेल्या तपासणे यात माझी वीसेक वर्षे गेली. दरडोई उत्पन्नाचा एक आकडा ओलांडला आणि धूर कमी झाला, असा प्रदेश मला अजून भेटलेला नाही. दरवेळी त्यामागे एखादे वीजकेंद्र, एखादी भट्टी, एखादी पाइपलाइन किंवा एखादा कायदा सापडला.

वक्राची जन्मकथा थोडक्यात. सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये जे मांडले ते उत्पन्नातल्या विषमतेबद्दल होते. त्यांचे निधन १९८५ चे, प्रदूषणाचा वक्र त्यांच्या नावावर नंतर लागला. १९९१ मध्ये जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर यांनी उत्तर अमेरिकेतल्या मुक्त व्यापार कराराच्या निमित्ताने शहरांतल्या हवेची आकडेवारी तपासली. सल्फर डायऑक्साइड आणि धुरकट कण उत्पन्नाबरोबर आधी वाढतात आणि मग घटतात, असे त्यांना दिसले. ते पटण्यासारखेही आहे. सल्फर डायऑक्साइड जिथे निघतो तिथल्याच लोकांचे डोळे चुरचुरतात, तक्रारी होतात, मग चिमणीवर यंत्र बसवून तो अडवता येतो आणि वीजकेंद्र पूर्वीसारखेच चालू राहते. कार्बन डायऑक्साइडला वास नाही, रंग नाही. त्याचा त्रास निघतो त्या गावापुरता राहत नाही आणि तो काढून टाकणारे स्वस्त यंत्र आजही नाही. कोळसा जाळायचा तर तो निघणारच. सल्फरचा वक्र उचलून कार्बनवर बसवणे ही या विषयातली पहिली चूक, आणि ती अजूनही होते.

आता आकड्यांकडे वळू. जपानचे ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण तुम्हाला माहीत असेल. उत्सर्जन म्हणजे लोकसंख्या, दरडोई जीडीपी, जीडीपीच्या एककामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या एककामागे निघणारा कार्बन, या चौघांचा गुणाकार. हा निव्वळ हिशेब आहे, सिद्धांत नव्हे, आणि त्यातच त्याचा उपयोग आहे. समजा दोन प्रदेशांचा जीडीपी वर्षाला ७ टक्क्यांनी वाढतो. पहिल्यात ऊर्जातीव्रता, म्हणजे जीडीपीच्या एककामागची ऊर्जा, २ टक्क्यांनी आणि ऊर्जेतला कार्बन १ टक्क्याने घटतो. १.०७ ला ०.९८ ने आणि मग ०.९९ ने गुणा, उत्सर्जन ३.८ टक्क्यांनी वाढलेले दिसेल. दुसऱ्या प्रदेशात या दोन्ही गोष्टी ४-४ टक्क्यांनी घटतात. तिथे १.०७ गुणिले ०.९६ गुणिले ०.९६ केले की उत्सर्जन १.४ टक्क्यांनी घटते. वाढ दोन्हीकडे सारखीच, तरी एकीकडे धूर चढला आणि दुसरीकडे उतरला. फिनलंडचे पेत्री तापिओ यांनी २००५ मध्ये जी वर्गवारी दिली, तिच्या भाषेत पहिल्याची लवचीकता, म्हणजे जीडीपी १ टक्का वाढला की उत्सर्जन किती टक्के बदलते तो आकडा, ०.५ च्या थोडी वर आहे. ही सौम्य फारकत, उत्सर्जन वाढते पण जीडीपीपेक्षा हळू. दुसऱ्याची ऋण ०.२ आहे, म्हणजे पक्की फारकत, जीडीपी वाढतो आणि उत्सर्जन घटते. तुमच्या गटांतला फरक नेमका याच दोन पदांमध्ये दडलेला आहे. रिग्रेशनमध्ये, म्हणजे आकड्यांवर रेषा किंवा वक्र बसवण्याच्या गणितात, फक्त जीडीपी आणि त्याचा वर्ग घातला की तो फरक जीडीपीच्याच माथी मारला जातो.

ऊर्जेतला कार्बन कुठून ठरतो? बहुतेक ठिकाणी तो वारशाने येतो. फ्रान्सने १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७४ मध्ये, मेस्मर योजनेखाली अणुवीजकेंद्रांचा सपाटा लावला. हेतू तेलाचे परावलंबन तोडण्याचा होता, हवामानबदल त्या वेळी कुणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. आज तिथली साधारण दोन-तृतीयांश वीज अणुऊर्जेची आहे आणि फ्रान्सच्या दरडोई आकड्यात ते लख्ख दिसते. स्वीडनकडे जलविद्युत होती, वर अणुऊर्जा आली, आणि १९९१ मध्ये तिथे कार्बन कर लागला. कर लावायला सोपा गेला, कारण वीज आधीच स्वच्छ होती आणि झळ मुख्यतः घर गरम करण्याच्या तेलाला आणि वाहनांना बसणार होती. अभ्यासात मात्र स्वीडनचे नाव 'श्रीमंत झाल्यावर वळलेला देश' म्हणून येते.

ब्रिटनचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण तिथे वळणाची तारीख जवळजवळ बोट ठेवून दाखवता येते. २०१२ मध्ये तिथली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. एप्रिल २०१३ पासून वीजकेंद्रांच्या इंधनावर कार्बनची किमान किंमत आली आणि २०१५ मध्ये ती टनाला १८ पौंडांवर गेली. कोळशाच्या केंद्राचा एका युनिटमागचा कार्बन वायूच्या केंद्राच्या दुपटीहून जास्त असतो, त्यामुळे हा बोजाही कोळशावरच दुपटीने पडला. वायूची केंद्रे १९९० च्या दशकातच उभी राहिली होती आणि बरीचशी कमी भाराने चालत होती. फक्त कोणते केंद्र आधी चालवायचे याचा क्रम बदलायचा होता. २०१५ मध्ये कोळशाचा वाटा २२ टक्के होता, २०१६ मध्ये तो ९ टक्क्यांवर आला. पुढे समुद्रातली पवनऊर्जा वाढत गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचे कोळसा वीजकेंद्र बंद झाले. लंडनमध्ये १८८२ साली कोळशावरची सार्वजनिक वीज सुरू झाली होती, ते पर्व १४२ वर्षांनी संपले. या बारा वर्षांत ब्रिटनची वाढ मंदच होती. उत्पन्नाने वळण आणले म्हणावे, तर उत्पन्न फारसे हललेच नव्हते.

शेजारी पोलंड ठेवा. १९९० पासून तिथली अर्थव्यवस्था तिपटीच्या आसपास गेली आणि उत्सर्जन घटले, म्हणजे आलेखावर पोलंडही 'फारकत' झालेलाच. पण वीज अगदी अलीकडेपर्यंत प्रामुख्याने कोळशाचीच राहिली. एके काळी ती जवळपास सगळीच कोळशाची होती, आता तो वाटा साठ टक्क्यांच्याही खाली उतरला आहे. मग घट आली कुठून? जुन्या राजवटीतले ऊर्जेची उधळपट्टी करणारे कारखाने बंद पडले किंवा सुधारले गेले. ब्रिटनमध्ये कायांच्या समीकरणातले चौथे पद, ऊर्जेतला कार्बन, पडले, पोलंडमध्ये मुख्यतः तिसरे, ऊर्जातीव्रता. रिग्रेशनला हा फरक दिसत नाही. पुढचा अंदाज बांधताना मात्र तो फार मोठा ठरतो, कारण उधळपट्टी एकदाच थांबवता येते.

तुमची आकडेवारी १९९० च्या आसपास सुरू होत असेल आणि तिच्यात पूर्व युरोप किंवा जुन्या सोव्हिएत संघाचे प्रदेश असतील, तर सावध व्हा. तिथे १९९० च्या दशकात उत्सर्जन आणि अर्थव्यवस्था दोन्ही एकदम कोसळली. पुढे १९९९ ते २००८ या काळात रशियाची अर्थव्यवस्था वर्षाला ७ टक्क्यांच्या आसपास वाढली, पण उत्सर्जन त्या मानाने फारसे वाढले नाही. ओस पडलेली क्षमता पुन्हा वापरात येत होती आणि सर्वांत जुनाट यंत्रे परत सुरूच झाली नाहीत. हे पडणे आणि उठणे एकाच वक्रात बसवले की सहगुणकाला, म्हणजे वक्राचा उतार सांगणाऱ्या आकड्याला, काहीही अर्थ उरत नाही. जर्मनीचेही थोडे असेच आहे. १९९० नंतरची घट मोजताना पूर्व जर्मनीतले लिग्नाइटवरचे, म्हणजे हलक्या प्रतीच्या तपकिरी कोळशावरचे, उद्योग बंद झाले, हे मनात ठेवावे लागते.

मंदीतली घट आणि तेजीतली वाढ समप्रमाणात नसतात, हेही इथेच सांगतो. २००९ च्या जागतिक मंदीत जीवाश्म इंधनांचे उत्सर्जन सुमारे १.४ टक्क्यांनी घटले आणि २०१० मध्ये ५.९ टक्क्यांनी उसळले. वर्षावर्षाची लवचीकता काढून तिची सरासरी घेणारे शोधनिबंध माझ्याकडे तपासायला येतात तेव्हा मी पहिल्यांदा ही दोन वर्षे आणि २०२० वगळून निकाल मागतो. निम्म्या वेळा निष्कर्षच बदलतो.

आता हद्दीचा प्रश्न. तुमच्या गटांमधली तफावत मला सर्वांत जास्त इथून आलेली वाटते.

चीनच्या प्रांतांकडे पाहा. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि निर्यातीच्या कारखान्यांबरोबर पोलाद, सिमेंट, काच यांची लाट आली. २००३ आणि २००४ मध्ये तर ऊर्जावापर जीडीपीपेक्षाही वेगाने वाढला. पण ही लाट सगळीकडे सारखी पसरली नाही. शान्शी आणि अंतर्गत मंगोलिया यांच्याकडे कोळसा होता, तिथे खाणी आणि वीजकेंद्रे वाढली आणि वीज तारांवरून पूर्वेकडे गेली. बीजिंगमध्ये शौगांग हा १९१९ पासूनचा पोलाद कारखाना शहराच्या पश्चिमेला धूर ओकत होता. २००८ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने तो हलवण्याचे ठरले, नवा कारखाना शेजारच्या हबेई प्रांतात समुद्रकाठी चाओफेइडियन इथे उभा राहिला आणि २०१० च्या अखेरीस बीजिंगमधल्या भट्ट्या थंड झाल्या. मार्च २०१७ मध्ये बीजिंगमधले शेवटचे मोठे कोळसा वीजकेंद्रही बंद झाले. बीजिंगच्या आलेखावर सुरेख वळण आहे, हबेईच्या आलेखावर चढण आहे. पोलाद तेच, फक्त त्याची नोंद करणारे कार्यालय बदलले. तुमच्या पॅनलमध्ये, म्हणजे प्रदेश आणि वर्षे यांच्या तक्त्यात, असे दोन प्रांत स्वतंत्र निरीक्षणे म्हणून बसतात. एकाच घटनेची ती दोन टोके आहेत.

अमेरिकेत हीच गोष्ट निराळ्या वेषात दिसते. वायोमिंगचे दरडोई ऊर्जा-उत्सर्जन न्यूयॉर्क राज्याच्या दहापटीच्या आसपास आहे. वायोमिंगचे लोक दहापट उधळे आहेत म्हणून हे घडत नाही. देशातले सर्वांत मोठे कोळसाक्षेत्र तिथे आहे, वस्ती सर्व राज्यांत कमी आहे आणि तिथे बनणाऱ्या विजेचा मोठा भाग राज्याबाहेर जातो. देश म्हणून पाहिले तर २००५ मध्ये अमेरिकेची निम्मी वीज कोळशाची होती, २०२३ मध्ये ती १६ टक्क्यांवर आली. राष्ट्रीय पातळीवर कार्बनला किंमत लावलेली नव्हती, तरी शेल वायू, म्हणजे खोल खडक फोडून काढलेला नैसर्गिक वायू, इतका स्वस्त झाला की कोळसा बाजारातच हरला. म्हणजे ब्रिटनमध्ये कायद्याने आणि अमेरिकेत भूगर्भाने जवळपास एकच काम केले. दोन्हींना एकाच 'उत्पन्न' नावाच्या चलात कोंबून काय साधणार?

भारतातही राज्यांचे तेच आहे. छत्तीसगडमध्ये कोरब्याच्या पट्ट्यात कोळसा निघतो, तिथेच वीज होते आणि ती दूरदूरच्या राज्यांत वापरली जाते. भिलाईचे पोलाद देशभर जाते. सेवाक्षेत्रावर चालणाऱ्या राज्याचा जीडीपी झपाट्याने वाढतो आणि त्याच्या हद्दीत धूर कमी दिसतो, कारण त्याच्या संगणकांची वीज आणि इमारतींचे सिमेंट-पोलाद दुसऱ्या राज्याच्या खात्यावर पडलेले असते. देशपातळीवर २००५ ते २०१९ दरम्यान जीडीपीच्या एककामागचे उत्सर्जन ३३ टक्क्यांनी घटले असे भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवले आहे आणि २०३० पर्यंत ४५ टक्के घटीचे उद्दिष्ट आहे. त्याच काळात एकूण उत्सर्जन वाढतच राहिले. दरडोई ते साधारण २ टन आहे, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. सौम्य फारकत म्हणतात ती हीच. तीव्रता घटली म्हणून धूर घटला असे कुणी लिहिले की मी लाल शाई काढतो.

या हद्दीच्या घोळावर उतारा म्हणजे उपभोगाधारित हिशेब. वस्तू जिथे वापरली तिथे तिचे उत्सर्जन नोंदवायचे. तसे केले की पश्चिम युरोपातल्या बहुतेक देशांचा आकडा वर सरकतो आणि चीनचा खाली येतो. पण दोन टोकांच्या गैरसमजांपासून दूर राहा. सगळी घट म्हणजे धूर परदेशी पाठवणे, हे खरे नाही. ब्रिटनचा उपभोगाधारित आकडाही घटलेला आहे, फक्त कमी वेगाने. वीजकेंद्र बंद झाले ते खरोखर बंद झाले. उलट बाजूने, व्यापाराचा भाग नगण्य आहे असे म्हणणेही चूक. युरोपीय संघाने सीमेवरचा कार्बन आकार, म्हणजे आयात मालाच्या उत्सर्जनावरचे शुल्क, नुसता मांडला नाही. ऑक्टोबर २०२३ पासून त्याची अहवाल-सक्ती आणि जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू केला. त्यात लोखंड-पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते, हायड्रोजन आणि वीज आहे. ही यादी म्हणजे धूर हद्दीपलीकडे सरकू शकणाऱ्या मालाचीच यादी समजा.

जीडीपीच्या बाजूलाही खड्डे आहेत आणि अभ्यासक तिकडे फारसे पाहत नाहीत. आयर्लंडचा जीडीपी २०१५ मध्ये पहिल्या अंदाजानुसार २६ टक्क्यांनी वाढला. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली होती. एका वर्षात आयर्लंडची उत्सर्जन-तीव्रता धाडकन खाली आली, चिमण्यांना मात्र याचा पत्ताही नव्हता. पुढे तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला राष्ट्रीय उत्पन्नाचे वेगळे सुधारित माप काढावे लागले. चीनच्या ल्याओनिंग प्रांताच्या गव्हर्नरांनी जानेवारी २०१७ मध्ये कबूल केले की २०११ ते २०१४ या काळातले आर्थिक आकडे फुगवलेले होते. फुगवलेल्या जीडीपीवर तीव्रता कमीच दिसणार. तेल निर्यात करणाऱ्या प्रदेशांत चालू किमतींचा जीडीपी तेलाच्या भावाबरोबर झोके घेतो, त्यावर काढलेली तीव्रता म्हणजे तेलाच्या भावाचाच उलटा आलेख. आणि देशादेशांची तुलना बाजारातल्या विनिमयदराने करायची की क्रयशक्तीच्या समतेने, म्हणजे त्या पैशात तिथे किती माल मिळतो ते धरून, यावर भारतासारख्या देशाची तीव्रता तिपटीहून जास्त बदलते. कोणते माप घेतले हे न लिहिलेला तक्ता मी वाचतच नाही.

उत्सर्जनाचा आकडाही आकाशातून पडत नाही. किती टन कोळसा जळाला आणि एका टनातून किती कार्बन निघाला, यांचा तो गुणाकार. २०१५ मध्ये लिऊ झू आणि सहकाऱ्यांनी चीनच्या खाणींतले कोळशाचे नमुने तपासून दाखवले की तिथल्या कोळशाचा उत्सर्जन गुणांक आंतरराष्ट्रीय ठोकताळ्यापेक्षा सरासरी ४० टक्क्यांनी कमी आहे. राखेचे प्रमाण जास्त आणि उष्मांक कमी, म्हणून टनामागे कार्बनही कमी. एका मोठ्या देशाचे उत्सर्जन एका शोधनिबंधाने हलते, तर लहान प्रदेशांच्या आकड्यांवर किती भार टाकायचा, हे तुम्हीच ठरवा.

आणि एक कान टोचणे. तुमच्या मॉडेलमध्ये उत्सर्जन डावीकडे आणि ऊर्जावापर उजवीकडे आहे. उत्सर्जन तुम्ही ऊर्जावापरावरूनच काढले आहे ना? मग ९० टक्क्यांच्या वरचा आर-वर्ग, म्हणजे मॉडेल आकड्यांशी किती जुळते याचे माप, मिळाला यात नवल ते काय. स्वतःच्या सावलीशी घेतलेली ती उंचीची स्पर्धा आहे. ऊर्जावापर काढून टाका आणि त्याऐवजी विजेतला कोळशाचा वाटा, प्रदेशाची निव्वळ वीजनिर्यात, पोलाद आणि क्लिंकरचे दरडोई उत्पादन असे काही घाला. क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून होणारे आणि दळल्यावर सिमेंट बनणारे खडे, मुद्दाम म्हणतो, सिमेंट नाही. चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो एकूण धुराच्या निम्म्याहून जास्त असतो. इंधन बदलून तो भाग जात नाही. क्लिंकर एका प्रदेशात आणि ते दळण्याची गिरणी दुसऱ्यात असेल, तर सिमेंटचा आकडा भलत्याच प्रदेशाला दोषी ठरवतो.

माझी एक जुनी फजिती सांगतो. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका औद्योगिक प्रदेशाची नोंद मी केली होती. एका वर्षी उत्पादन वाढले आणि उत्सर्जन जवळपास दहा टक्क्यांनी घटले. आम्ही अहवालाच्या पहिल्याच पानावर 'फारकतीला सुरुवात' असे लिहिले. सादरीकरण संपल्यावर मागच्या रांगेतले एक अभियंता चहाच्या वेळी जवळ आले आणि म्हणाले, "साहेब, आमचा मोठा संच सात महिने दुरुस्तीला होता. वीज बाहेरून घेत होतो." पुढच्या वर्षी संच चालू झाला आणि फारकत मिटली. तेव्हापासून छोट्या प्रदेशाच्या आलेखात कुठेही पायरी दिसली की अर्थशास्त्राआधी मी वीजकेंद्रांच्या बंद-चालूच्या नोंदी मागवतो.

जमिनीचा वापर धरला आहे का, हेही पाहा. ब्राझीलमध्ये इंधनापेक्षा जंगलतोडीचे उत्सर्जन बराच काळ मोठे होते. उपग्रहाच्या नोंदींनुसार ॲमेझॉनमधली वार्षिक तोड २००४ मध्ये सुमारे २७,७७२ चौरस किलोमीटर होती, २०१२ मध्ये ती ४,५७१ वर आली. त्याच काळात सोयाबीन आणि गोमांसाचे उत्पादन वाढले. उपग्रहावरून जवळजवळ तात्काळ इशारे, नियम मोडणाऱ्यांचे कर्ज अडवणे आणि व्यापाऱ्यांचा २००६ चा सोयाबीनबाबतचा करार, यांनी ते घडवले. वाढ आणि उत्सर्जन यांची इतकी झपाट्याने झालेली फारकत क्वचितच दिसते आणि इंधनापुरत्या आकडेवारीत ती दिसतच नाही. पुढच्या वर्षांत तोड पुन्हा वाढली, म्हणजे हा रस्ता मागेही फिरतो.

धोरणाबद्दल तुम्ही शेवटी विचारले आहे, सगळ्या प्रदेशांना सारखेच तीव्रतेचे उद्दिष्ट द्यावे का. देऊ नये. चीनने २००६ ते २०१० च्या योजनेत ऊर्जातीव्रता २० टक्क्यांनी घटवायचे ठरवले आणि ते प्रांतांवर वाटून दिले. अखेर १९.१ टक्के घट जाहीर झाली. पण २०१० च्या शेवटच्या महिन्यांत उद्दिष्ट चुकतेय असे दिसल्यावर काही ठिकाणी स्थानिक अधिकाऱ्यांनी कारखान्यांची वीजच तोडली, हबेईत तर काही भागांत घरांचीही. कारखानदारांनी डिझेल जनरेटर आणले आणि त्या शरद ऋतूत डिझेलचा तुटवडा झाला. वीज निर्यात करणाऱ्या प्रदेशाला त्याच्या हद्दीतल्या धुरावरून शिक्षा आणि वीज घेणाऱ्याला शाबासकी, असे उद्दिष्ट असेल तर लोक हिशेब सुधारतात, धूर सुधारत नाही. निदान विजेचा कार्बन घेणाऱ्याच्या खात्यावर टाकून मग उद्दिष्टे वाटावीत.

राहिला तुमचा तिसरा, उलट्या वक्राचा गट. त्यातल्या प्रदेशांची नावे तुम्ही दिलेली नाहीत, पण पैज लावायची तर मी जलविद्युतीवर लावीन. अशा प्रदेशात सुरुवातीला धरणे होतात, वीज स्वच्छ असते आणि दरडोई उत्सर्जन उतरते. मग चांगल्या जागा संपतात, मागणी वाढतच राहते आणि एखादा दुष्काळ पडतो. ब्राझीलमध्ये २००१ मध्ये पाऊस कमी झाला, धरणे आटली आणि महिनोन्‌महिने विजेचे रेशनिंग करावे लागले. त्यानंतर वायूची केंद्रे राखीव म्हणून उभारली गेली आणि कोरड्या वर्षांत ती धडाडून चालतात. आलेखावर उजवीकडची चढण इथून येते. तुमच्या गटातले ज्यांची निम्म्याहून अधिक वीज जलविद्युत आहे असे प्रदेश बाजूला काढा, उरलेल्यांत १९९० च्या कोसळण्यातले असतील तर तेही काढा आणि मॉडेल पुन्हा चालवा. मग काढलेल्या प्रदेशांसाठी जलाशयांच्या पातळीचे चल घालून वेगळे चालवा. पहिल्या भागात वक्र सपाट झाला आणि दुसऱ्यात पातळीच्या चलाने चढण खाऊन टाकली, तर त्या गटात उत्पन्नाचा वक्र मुळात नव्हताच. तसे झाले नाही तर प्रदेशांची यादी आणि वर्षनिहाय इंधनाचा तक्ता पाठवा, मी पाहतो.